अकरा विरुद्ध बावन्न

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई प्रांताच्या विधानसभेत एक बिनसरकारी ठराव आला आणि पडला. बाजूने ११ मते, विरोधात ५२. ठराव मांडणारे होते अहमदनगर दक्षिण मतदारसंघाचे प्रभाकर जनार्दन रोहम, स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य. मागणी दुहेरी होती. सरकारने सर्वसामान्य लोकांमध्ये संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा, आणि ते पाळता यावे म्हणून पुरेशा सोयीही पुरवाव्यात. रोहम मराठीत बोलले. भाषण तयार करून दिले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

या ठरावाची आठवण हल्ली निघते ती बाबासाहेबांच्या दूरदृष्टीचा दाखला म्हणून, आणि ते रास्तच आहे. पण त्यात रोहमांचे नाव पुसट होते आणि नगरचे तर येतच नाही. मला या प्रसंगात रस आहे तो ठरावातल्या दुसऱ्या मागणीमुळे. प्रचाराला विरोध करणारे दमले की गप्प बसतात. सोय करा म्हटले की मात्र दवाखाना कुणाचा, पैसा कुणाचा, डॉक्टरने काय करावे नि काय करू नये, हे प्रश्न उभे राहतात, आणि तिथे धर्म खडबडून जागा होतो. रोहमांच्या आधीही हेच झाले होते, नंतरही हेच झाले. त्यातला बराचसा भाग नगर जिल्ह्यातून जातो, म्हणून हा लेख.

सुरुवात मुंबईहून करावी लागते. र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले, १९२३ मध्ये त्याच विषयावर पुस्तक लिहिले. विल्सन कॉलेज स्कॉटिश मिशनचे. संस्थेला प्राध्यापकाचा हा उद्योग रुचला नाही. नोकरी आणि प्रचार यांतले एक निवडा, असा पेच पडला तेव्हा कर्व्यांनी १९२५ मध्ये नोकरी सोडली. पुढे जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले ते १९५३ मध्ये मरेपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते आंबेडकर. खटला हरले, पण विधानसभेतल्या भाषणाची मुळे या ओळखीत सापडतात असे मानायला जागा आहे.

गंमत अशी, की कर्व्यांना नोकरी सोडावी लागली ती ख्रिस्ती संस्थेत आणि खटल्यांत ओढले ते हिंदू सनातन्यांनी. दोन्ही धर्मांचे रक्षक एरवी एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नसत. या एका बाबतीत मात्र त्यांचे सूर जुळले.

मधल्या काळात जगातल्या चर्चमध्येही फूट पडली होती. १९३० च्या ऑगस्टमध्ये लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी काही मर्यादेत कृत्रिम साधनांना वाट मोकळी केली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोप अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोनुबी’ हे पत्र काढून कॅथलिकांसाठी ती वाट बंद केली. त्याच १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी दवाखान्यांत संततिनियमनाची सोय करण्याचा हुकूम काढला. जगात अशी सरकारी पावले तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मुंबई प्रांत, जिथे कर्वे राहत होते, तो या शर्यतीत नव्हताच.

१९३५ च्या अखेरीस संततिनियमनाच्या अमेरिकन प्रचारक मार्गारेट सँगर हिंदुस्थानात आल्या. वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींचे मत ठाम होते: संततिनियमन हवेच, पण ते संयमाने. साधने वापरणे म्हणजे भोगाला मोकळे रान देणे. बायकांनी नवऱ्याला नाही म्हणायला शिकावे. सँगर यांनी बराच वाद घातला, तेव्हा महिन्यातल्या ‘सुरक्षित’ दिवसांची पद्धत त्यातल्या त्यात आपल्याला कमी खटकते एवढेच त्यांनी कबूल केले. ही बारीकशी सवलत लक्षात ठेवावी. तिने पुढे केंद्र सरकारचे धोरण ठरवले. त्यानंतर त्रिवेंद्रमला अखिल भारतीय महिला परिषदेत कॅथलिक प्रतिनिधींचा विरोध असूनही संततिनियमनाचा ठराव मंजूर झाला. म्हणजे ज्यांना बाळंत व्हायचे होते त्यांचे मत एव्हाना तयार होते.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. सार्वजनिक आरोग्य खाते डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे होते. ते नामांकित डॉक्टर. त्यांच्याकडेच अबकारी खाते, म्हणजे दारूबंदीही. मुंबईत दारूबंदी लागू झाली १ ऑगस्ट १९३९ ला. बाटलीच्या बाबतीत संयम कायद्याने आणायचा आणि खाटेच्या बाबतीत तो माणसाच्या सद्बुद्धीवर सोपवायचा, असा त्या राज्यकारभाराचा न्याय. काँग्रेसमध्येही सगळे एका मताचे नव्हते. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याच्या अध्यक्षीय भाषणात सुभाषचंद्र बोसांनी लोकसंख्येला आळा घालण्याची गरज बोलून दाखवली होती. पण विधानसभेतल्या बाकांवर बसलेल्यांचे कान वर्ध्याकडे होते.

रोहमांनी ठराव मांडला त्या आठवड्यात मुंबईची हवा तापलेली होती. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या जोडीने संप पुकारला होता. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच पक्षाच्या सदस्याने सरकारकडे गर्भनिरोधनाच्या सोयी मागणे, हे सभागृहातल्या अनेकांना विषयांतर वाटले असेल. ते विषयांतर नव्हते. भाषणातला मुख्य धागा दारिद्र्याचाच होता: पोरांची संख्या आणि घरातले धान्य यांचा मेळ बसत नाही, आणि ज्या वर्गाला याचा सर्वांत जास्त फटका बसतो त्याच्याकडेच त्यावरचा उपाय पोचत नाही. शिकलेल्या घरांत साधने गुपचूप पोचतच होती. संयमाच्या उपदेशाला उत्तर होते, की संयम हा विरळा माणसांना जमतो आणि कायदे विरळ्यांसाठी करायचे नसतात.

आणि मग भाषण बाईकडे वळते. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक मूल होऊ द्यायला जन्मात कुणी तयार झाला नसता, असे रोहमांनी सभागृहाला सुनावले. बाईला कोणत्याही कारणाने मूल नको असेल तर ते टाळण्याची ताकद तिच्याकडे असली पाहिजे, मूल व्हावे की नाही हे सर्वस्वी तिच्या मर्जीवर असले पाहिजे, अशी मांडणी होती. १९३८ साली एका दलित आमदाराने, नगरसारख्या दुष्काळी जिल्ह्याच्या राखीव जागेवरून, हे मराठीत म्हटले. लोकसंख्येचा आकडा कमी करा म्हणणारे तेव्हाही खूप होते. आकड्याच्या आधी बाईची मर्जी ठेवणारे फार थोडे.

मतदान झाले. ११ आणि ५२. धर्मशास्त्राचा हवाला देऊन कुणी ठराव पाडला असे म्हणता येत नाही. पाडला तो नीतीने. आपल्याकडे धर्माचा आक्षेप बहुतेक वेळा असाच येतो, पोथी काखेत लपवून, ओठांवर ‘संस्कृती’ किंवा ‘संयम’ घेऊन.

पाच वर्षांनी, १९४३ मध्ये, सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली. नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीतले बरेच नेते तेव्हा नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. देशाच्या आरोग्याचा आराखडा बाहेर आखला जात होता आणि तो पुढे ज्यांना राबवायचा ते आत वाफे खणत, पुस्तके लिहीत बसले होते. समितीत कामगार पुढारी ना. म. जोशी होते. १९४६ चा अहवाल आजही सार्वत्रिक आरोग्यसेवेचा मूळ दस्तऐवज मानला जातो: पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारला जाता कामा नये, हे त्याचे पहिले तत्त्व. हजार जिवंत जन्मांमागे १६२ मुले वर्षाच्या आत दगावतात आणि बाळंतपणाच्या कारणांनी दरवर्षी सुमारे दोन लाख बायका मरतात, हे अहवालाने देशापुढे मांडले.

अशा अहवालात तरी गर्भनिरोधनाचे कलम ठसठशीत असायला हवे होते. पण तिथेही सदस्यांचे एकमत झाले ते एवढ्यावरच, की मूल होण्याने आईच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका असेल तर सल्ला द्यावा आणि गरीब बाईला साधने सरकारने फुकट पुरवावीत. दारिद्र्यामुळे, किंवा नुसते नको आहे म्हणून, मागणाऱ्या बाईचे काय, यावर मतभेद राहिले. रोहमांची मागणी आठ वर्षांत एवढीच पुढे सरकली होती: आजारी बाईला होय, धडधाकट बाईला थांब.

स्वातंत्र्यानंतर आरोग्यखाते आले राजकुमारी अमृत कौर यांच्याकडे. ख्रिस्ती घरात वाढलेल्या, गांधीजींच्या निकटच्या शिष्या, एम्सच्या उभारणीत मोलाचा वाटा असलेल्या. त्यांच्या कर्तबगारीबद्दल शंका नाही. पण कृत्रिम साधने त्यांना पटत नव्हती आणि त्या मंत्री होत्या. १९५१ मध्ये सरकारने जागतिक आरोग्य संघटनेकडे तज्ज्ञ मागितला तो ‘सुरक्षित दिवसां’च्या पद्धतीपुरता. वर्ध्याच्या भेटीतली ती सवलत आता राष्ट्रीय धोरण झाली. अमेरिकेहून डॉ. अब्राहम स्टोन आले. दिवस मोजता यावेत म्हणून बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. माळ गळ्यात घातली की झाले अशी काहींची समजूत झाली, मणी सरकवायचे राहिले, पोरांनी माळा खेळायला घेतल्या, असे किस्से पुढे बरेच सांगितले गेले. ते सगळे खरे असतील असे नाही. पण दिवस कोणता हे ठरवण्याचा हक्क ज्या बाईला नव्हता, तिच्या हाती दिवस मोजायचे यंत्र देण्यात आले, ही गोष्ट किश्श्यांपेक्षा मोठी आहे. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाला ६५ लाख रुपये ठेवले होते. ते सगळे खर्चही झाले नाहीत.

बाहेर यापेक्षा वेगळे काही चालले नव्हते. १९५२ च्या मे महिन्यात जिनिव्हाला जागतिक आरोग्य सभेत नॉर्वेच्या कार्ल एव्हांग यांनी या विषयावर तज्ज्ञ समिती नेमण्याची सूचना आणली. बेल्जियम, इटली, आयर्लंड या कॅथलिक देशांनी ती उधळून लावली. त्यानंतर कितीतरी वर्षे संघटनेने हा विषय अंगाला लावून घेतला नाही.

आता नगरकडे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री नगरला आले १८३१ च्या डिसेंबरात. शाळा काढल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. रूथ ह्यूम यांनी नगर शहरात बायकांसाठी इस्पितळ उभे केले. या मिशनचे मुख्यालय बोस्टनला. आणि बोस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे तिथे गर्भनिरोधक साधने देणे हा १९६६ पर्यंत गुन्हा होता, विवाहित जोडप्यांसाठीसुद्धा. अविवाहितांना तर १९७२ पर्यंत थांबावे लागले. ‘मागासलेल्या’ हिंदुस्थानात सरकारी दवाखान्यातून गर्भनिरोधक साधने दिली जात होती तेव्हा बोस्टनचा दवाखाना कायद्याने हात आखडून बसला होता. मिशनच्या मायदेशाचे उदाहरण देऊन कुणी आपल्याला हिणवले तर हे सांगायला हरकत नाही.

नेवासे तालुक्यात वडाळा हे मिशनचे जुने ठाणे. तिथल्या इस्पितळात १९६० च्या दशकात डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे काम करत होते. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. वडाळ्याला त्यांच्या लक्षात आले, की रुग्ण बरे होऊन गावी जातात आणि त्याच दुखण्याने परत येतात. इस्पितळाच्या भिंतीआड बसून रोग संपणार नव्हते. अमेरिकेत पुढचे शिक्षण घेऊन ते १९७० च्या सप्टेंबरात जामखेडला आले. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, बीडला लागून असलेला, पाण्याला महाग तालुका. गावकऱ्यांनी दिलेल्या जनावरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी सुरुवात केली.

त्यांनी पहिल्या दिवशी गर्भनिरोधनाचा विषय काढला असता तर तो तिथेच संपला असता. तेव्हाच्या गावात मूल म्हणजे देवाची देणगी, मुलगा म्हणजे वंशाचा दिवा आणि म्हातारपणाची काठी. नसबंदीचे सरकारी ‘कँप’ लोकांनी पाहिले होते आणि त्यांची धास्ती घेतली होती. शिवाय आरोळे ख्रिस्ती, म्हणजे हे हिंदूंची पोरे कमी करायला आलेत हा संशय घ्यायला वेळ लागला नसता. गावाने पाणी आणि अन्न मागितले होते. १९७२ च्या दुष्काळात आरोळ्यांनी तेच आधी हाती घेतले: विहिरी, कूपनलिका, मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक. पाणाड्याकडून पाण्याची जागा बघताना ती दलित वस्तीत निघेल याची तजवीज केली, म्हणजे पाणी हवे असेल तर सवर्णांना तिथे यावे लागेल. हा डाव मला फार आवडतो.

मग आरोग्यसेविका. सरकारी पद्धतीच्या नर्स खेड्यात टिकेनात, तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, शिकत, रात्री एका खोलीत, कधी एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. जातीचा विटाळ तिथेच मोडला. त्या शिकल्या बाळंतपण स्वच्छ कसे करायचे, हगवणीला मीठ-साखर-पाणी कसे द्यायचे, गरोदर बाईचे पोट उपाशी ठेवायचे नाही. मूल मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून गरोदरपणी कमी खायची रीत होती. ती मोडायला डॉक्टरच्या भाषणापेक्षा शेजारणीचे धष्टपुष्ट बाळ कामी आले.

या सगळ्यात कुटुंबनियोजन कुठे होते? सगळ्या सेवांच्या मधोमध, पण वेगळ्या पाटीशिवाय. पहिली दोन पोरे जगली, लसटोचणी झाली, आणि मग बाई स्वतःहून सेविकेकडे गोळ्यांची, तांबीची किंवा ऑपरेशनची चौकशी करू लागली. सेविकेने स्वतः ऑपरेशन करून घेतलेले असे, तेव्हा अशक्तपणा येतो का, काम जमते का, हे विचारायला लांब जावे लागत नसे. आरोळ्यांच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये हजारामागे १७६ असलेला अर्भकमृत्युदर १९९३ पर्यंत १९ वर आला, आणि कुटुंबनियोजन करणारी जोडपी शंभरात एकाहूनही कमी होती ती साठपर्यंत गेली. आकडे त्यांचेच आहेत आणि प्रकल्प आपले गुणगान करतातच. तरी यातला क्रम विसरू नये: आधी मुले जगू लागली, नंतर पाळणे थांबले. देवाची देणगी परत जात नाही असे दिसले की देवाकडेही जास्त मागावे लागत नाही.

याच काळात महाराष्ट्र सरकार नेमके उलट्या दिशेने धावले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक राज्य विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. अडतीस वर्षांपूर्वी सरकारने सोय करू नये असे म्हणणाऱ्या पक्षाच्या वारसांनी आता सोयीच्या जागी सक्ती आणली. बाईची मर्जी दोन्ही वेळेला सभागृहाबाहेरच राहिली.

जामखेडचे काम जगापुढे नेले ते, नवल म्हणजे, चर्चनेच. जागतिक चर्च परिषदेने १९६८ मध्ये ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापन केले होते. बड्या मिशन इस्पितळांवर पैसा ओतून खेडी निरोगी होत नाहीत, या निष्कर्षाला ते आले होते आणि जामखेड हे त्यांच्या आवडत्या दाखल्यांपैकी एक. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात आरोळ्यांचे प्रकरण आले. ६ ते १२ सप्टेंबर १९७८ ला आल्मा-आटा इथे झालेल्या परिषदेने सर्वांसाठी आरोग्याचा जाहीरनामा काढला. प्राथमिक आरोग्यसेवेत काय काय असावे याच्या यादीत माता-बाल संगोपनाला जोडून कुटुंबनियोजनही आले. १९५२ मध्ये ज्या संघटनेत हा शब्द उच्चारता येत नव्हता तिच्याच परिषदेत. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

चर्च म्हटले की एकच समजू नये. श्रीरामपूर, राहाता, संगमनेर पट्ट्यात कॅथलिक मिशनने मोठा समाज उभा केला आहे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात लोटणारी गर्दी त्याची साक्ष आहे. त्यांच्यासाठी २५ जुलै १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिटे’ या पोपच्या पत्राने कृत्रिम साधने निषिद्धच ठेवली. वडाळा ते श्रीरामपूर अंतर ते काय! एका ख्रिस्ती परंपरेत गर्भनिरोधन ही सेवा झाली आणि दुसरीत ते पाप राहिले. कॅथलिक श्रद्धेला मी हसत नाही. माणसाने आपल्या घरात काय पाळावे हा त्याचा प्रश्न. कुरकुर आहे ती त्या श्रद्धेने दुसऱ्याचा दवाखाना चालवण्याबद्दल.

हाच तंटा अमेरिकेत अलीकडे पुन्हा पेटला. २०१० च्या आरोग्यविमा सुधारणेनंतर नोकरदार बायकांच्या विम्यात गर्भनिरोधके विनामूल्य आली, तेव्हा मालकांच्या धर्मबुद्धीचा प्रश्न न्यायालयात गेला. हस्तकलेचे साहित्य विकणाऱ्या ‘हॉबी लॉबी’ कंपनीचे मालक इव्हँजेलिकल ख्रिस्ती. ३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. विल्सन कॉलेजने १९२५ मध्ये कर्व्यांपुढे ठेवलेला पेच तरी सरळ होता: बोलू नकोस, नाहीतर जा. नव्या युगात मालक नोकर ठेवतो, पण त्याच्या विम्यातून एक पान फाडतो.

आपल्याकडे अशा खटल्यांची वेळ आली नाही, याचे कारण आपण फार उदार आहोत हे नव्हे. इथली साधने मालकाच्या विम्यातून येत नाहीत. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून, उपकेंद्रातून आणि २००५ नंतर आशा सेविकेच्या पिशवीतून येतात. आशा योजनेमागे जामखेडच्या बायकांचाही अनुभव होता. सरकारी केंद्रात आता निरोध, गोळ्या, तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन फुकट मिळते. कागदावर सोय पुरेशी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांचे ऑपरेशन झालेले आढळले आणि पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत निघाले. पुरुषाचे ऑपरेशन तर टाक्याचेही नाही, अर्ध्या तासाचे आहे.